वाचनालयाच्या सीडी-डीव्हीडी आणि बाहेरून जोडायचा ड्राइव्ह: कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

लोखंडी कपाटातल्या सगळ्या सीडी-डीव्हीडी उतरवून घ्यायच्या आणि दोन वेगळ्या हार्डडिस्कवर एकेक प्रत ठेवायची, असा कार्यकारिणीचा ठराव झाला. ठराव दोन ओळींचा. कपाट उघडल्यावर कामाचा खरा आवाका कळला.

ग्रंथपाल बाईंच्या वहीप्रमाणे डिस्का दोनशेच्या आसपास आहेत. व्याख्यानमालेची ध्वनिमुद्रणं (जुनी ऑडिओ सीडीवर, नंतरची एमपीथ्री), हौशी नाट्यस्पर्धेतल्या आमच्या प्रयोगांच्या व्हीसीडी (साध्या सीडीवर उतरवलेलं चित्रण), नंतरच्या वर्षांच्या डीव्हीडी, स्मरणिकांच्या पेजमेकरमधल्या (पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या) फायली, आणि एका कापडी पिशवीत हँडीकॅमच्या आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्का. खालच्या कप्प्यातल्या सगळ्या २०१९च्या महापुरात भिजलेल्या. सांगलीत तेव्हा कृष्णेचं पाणी आलं त्या वेळी आधी पुस्तकं वर गेली, आणि ते बरोबरच होतं. सीडी नंतर धुऊन, वर्तमानपत्रावर वाळवून परत ठेवल्या. काहींच्या कडेला अजून गाळाची पिवळट रेघ आहे.

वाचनालयाचा लॅपटॉप एका सभासदांनी दिलेला, जवळजवळ नवा. त्याला डिस्क घालायची सोयच नाही. २००८ साली ॲपलने मॅकबुक एअर काढला तेव्हा ड्राइव्ह नसलेला लॅपटॉप ही चैन वाटली होती. आता असलेला शोधावा लागतो. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला आहे. त्यातला ड्राइव्ह काढून वापरता येईल, पण त्याला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टचाही पुरवठा लागतो, म्हणजे वेगळा अडॅप्टर आला. शिवाय त्याच्या ट्रेचा रबरी पट्टा सैल झालाय, पुढच्या भोकात टाचणी खुपसल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो बाद.

तेव्हा आधी यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह ठरवायचा.

६ जानेवारी, सोमवार

आप्पांचा फोन. "अगं, दोन-अडीच हजाराची वस्तू, घेऊन टाक की! त्यात कसला एवढा अभ्यास?" आप्पा आमचे अध्यक्ष. घेऊन टाक म्हणणारे आप्पाच तीन दरपत्रकं समोर असल्याशिवाय सही करत नाहीत, हे मला आणि त्यांनाही माहीत आहे.

बाजारातल्या ड्राइव्हची माहिती चाळली. स्वस्त मालाच्या जवळजवळ प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत यूएसबी ३.०. यावर जास्त पैसे मोजायचे का, ते आकडेमोड करून पाहिलं. सीडीचा एकपट वेग म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, डीव्हीडीचा एकपट म्हणजे १.३८५ मेगाबाइट. हे पातळ ड्राइव्ह सीडी जास्तीत जास्त २४ पट आणि डीव्हीडी ८ पट वेगाने वाचतात. म्हणजे सीडीला सेकंदाला ३.६ मेगाबाइट, डीव्हीडीला ११. यूएसबी २.० कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिटचं, म्हणजे ६० मेगाबाइटचं. हातात तीसएक मेगाबाइट पडतात. डीव्हीडीला लागतं त्याच्या जवळजवळ तिप्पट. तेव्हा वेगासाठी ३.० पाहायचं कारण नाही. गंमत म्हणजे एलजीच्या जीपी६५ मालिकेतल्या ड्राइव्हवर सरळ यूएसबी २.० छापलंय, आणि ज्या खोक्यांवर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही त्यांच्यावर ३.०.

फरक पडतो तो विजेचा. यूएसबी २.०च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असा नियम आहे, ३.०च्या पोर्टने ९००. टाइप-सीचं पोर्ट दीड किंवा तीन अँपिअर देऊ शकतं, पण ते लॅपटॉप बनवणाऱ्याने ठरवलं असेल तर. ड्राइव्हच्या पाठीवरच्या लेबलावर मात्र बऱ्याचदा एक अँपिअरच्या वरचा आकडा असतो. तेवढी वीज सतत लागत नाही. मोटर उभी राहताना आणि डिस्क लिहिताना तेवढा झटका लागतो, आणि नेमका तिथेच घोळ होतो. म्हणून काही कंपन्या दोन तोंडांची केबल देतात: एक तोंड माहितीसाठी, दुसरं नुसती वीज ओढायला.

ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कचा, विचार करायचा नाही असं ठरवलं. कपाटात एकही ब्लू-रे डिस्क नाही आणि तो ड्राइव्ह कित्येक पट महाग.

११ जानेवारी, शनिवार

बाजारात फिरले. "आता कोण घेतं मॅडम?" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकलं आणि प्रत्येक दुकानदाराने नंतर मागच्या फळीवरून काहीतरी काढूनही दिलं.

एका ठिकाणी एलजीचा एकच नग, खोकं उन्हाने फिकट झालेलं. दुसरीकडे बिनानावाचा, दीड हजाराच्या आतला. त्याच्या अंगावरच दोन यूएसबीची तोंडं आणि मेमरी कार्डाची खाच. दुकानदार कौतुकाने सांगत होता, "एकात सगळं." मला तेच नको आहे. लॅपटॉपकडून येणारी वीज मुळात तोकडी. त्यातच पेनड्राइव्ह आणि कार्ड वाटेकरी झाले तर मोटरच्या वाट्याला काय राहणार? ज्यांना महिन्यातून एकदा गाण्यांची सीडी ऐकायची आहे त्यांना चालेल. दिवसभर ओळीने डिस्का वाचायच्या असतील तर नाही.

खाचेतून डिस्क आत ओढून घेणारा, ट्रे नसलेला प्रकारही पाहिला. दिसायला देखणा. पण आठ सेंटिमीटरच्या डिस्का त्यात घालायच्या नसतात, आत अडकून बसतात. पिशवीतल्या छोट्या डिस्का आठवल्या आणि तो तिथेच ठेवला. ट्रेवाल्या पातळ ड्राइव्हमध्ये मधल्या खुंटीवर डिस्क खटका वाजेपर्यंत दाबून बसवायची असते, त्यामुळे छोटी मोठी दोन्ही चालतात.

एका सभासदांचा मुलगा अमेरिकेत आहे, त्याचा ॲपलचा सुपरड्राइव्ह घरी पडून आहे, फुकट देतो म्हणाले. त्यांना नम्रपणे नको म्हटलं. तो मॅकसाठी बनवलेला आहे, आणि खाचेचाच आहे.

तिसरा पर्याय घरातच निघाला. माझा २०१२चा लॅपटॉप कधीच बंद पडलाय, पण त्यातला डीव्हीडी रायटर चांगला होता. असा आतला ड्राइव्ह बसवायची रिकामी केस मिळते, काही शे रुपयांत. जाडी मात्र मोजून घ्यावी लागते: हे ड्राइव्ह १२.७ मिलिमीटर किंवा ९.५ मिलिमीटर जाडीचे असतात, आणि एकाची केस दुसऱ्याला बसत नाही. जोडणीही सेटा आहे की त्याआधीची आयडीई, ते पाहावं लागतं. माझा १२.७चा, सेटा. भाच्याला मुंबईला फोन केला. लॅमिंग्टन रोडवरून केस आणायला सांगितली. "मावशी, तिथे काय वाट्टेल ते मिळतं," म्हणाला. बघू.

१३ जानेवारी, सोमवार

ड्राइव्ह तपासायला डिस्का निवडल्या. दुकानदार दाखवतात ती नवी, चकचकीत डिस्क कुठल्याही ड्राइव्हमध्ये चालते. म्हणून आमच्यातल्या वाईट निवडल्या: कागदी स्टिकर चिकटवलेली एक सीडी-आर (घरी लिहिता येणारी सीडी), एका नाटकाची व्हीसीडी, पुराच्या पाण्यातली एक डीव्हीडी-आर, ओरखड्यांची एक डीव्हीडी+आर. आणि सोबतीला एक विकतची, धडधाकट गाण्यांची सीडी, म्हणजे दोष ड्राइव्हचा की डिस्कचा ते कळेल.

मधल्या भोकाशी तडा गेलेल्या डिस्का आजच बाजूला काढल्या. ८ पट वेगाला डीव्हीडी मिनिटाला साडेचार हजारांवर फेऱ्या घेते. तडा असलेली डिस्क त्यात फुटली तर ड्राइव्हही गेला.

१८ जानेवारी, शनिवार

लॅपटॉप आणि डिस्का पिशवीत घेऊन दुकानात. बिनानावाच्या ड्राइव्हवाल्याने काचेच्या कपाटावरची जागा मोकळी करून दिली, हे त्याचं मोठेपण.

आमच्या लॅपटॉपला टाइप-एची, म्हणजे नेहमीच्या चपट्या तोंडाची, दोन पोर्ट आहेत, एक निळ्या जिभेचं म्हणजे ३.०, एक काळ्या जिभेचं म्हणजे २.०. निळ्या पोर्टात विकतची सीडी लगेच लागली. तीच काळ्यातही लागली. मग काळ्या पोर्टात ओरखड्यांची डीव्हीडी घातली. मोटरने वेग घेतला, आवाज चढला, आतून टक्-टक् झालं, लॅपटॉपने उपकरण काढल्याचा सूर वाजवला आणि ड्राइव्ह यादीतून नाहीसा. दोन-तीन सेकंदांनी उपकरण जोडल्याचा सूर. पुन्हा मोटर, पुन्हा टक्-टक्. दारापर्यंत येऊन परत जाणाऱ्या पाहुण्यासारखं बराच वेळ चाललं होतं. तीच डिस्क निळ्या पोर्टात सुरळीत वाचली गेली.

ज्यांचा ड्राइव्ह "मध्येच गायब होतो" त्यांनी आधी पोर्ट बदलून पाहावं. लांब एक्स्टेन्शन केबल असेल तर काढावी. लांबीबरोबर व्होल्टेज पडतं. आणि ज्या हबला (एका पोर्टाची अनेक करणाऱ्या डबीला) स्वतःचा अडॅप्टर नाही अशा हबमधून तर ड्राइव्ह चालवूच नये.

पुरातली डीव्हीडी निळ्या पोर्टातही त्याला पेलली नाही. पडदा गोठला. दुकानदार म्हणाला, "डिस्कच गेली असेल." असेलही. पण मग एलजीवाल्याच्या दुकानात जाऊन तीच डिस्क त्याच पोर्टात लावली तर यादी दिसली, नाटकाचा पहिला अंक बऱ्यापैकी चालला, दुसऱ्यात चित्राचे चौकोन झाले. अर्धी का होईना, दिसली. काळ्या पोर्टातही हा ड्राइव्ह टिकला.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हचं आतलं नाव दिसतं, आणि ते खोक्यावरच्या नावापेक्षा खरं असतं. 'एचएल-डीटी-एसटी' म्हणजे हिताची आणि एलजीच्या संयुक्त कंपनीचं यंत्र. 'मॅटशिटा' म्हणजे मात्सुशिता, म्हणजेच पॅनासोनिक. 'पीएलडीएस' म्हणजे फिलिप्स आणि लाइट-ऑन. बाहेर कुठलंही नाव असो, आत बहुतेक वेळा या मोजक्या घराण्यांपैकीच कोणीतरी असतं. बिनानावाच्या ड्राइव्हने आपलं नाव नुसतं 'ऑप्टिकल' असं काहीसं सांगितलं. म्हणजे नाव सांगायचंच नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार

तीन दरपत्रकं जोडून अर्ज. आप्पांनी सगळ्यात कमी किमतीचं वर ठेवलं. मी त्याच्याखाली दोन ओळींत पुरातल्या डिस्कचं लिहून दिलं. आप्पांनी वाचलं, "दुसऱ्या अंकात कोण होतं गं?" विचारलं. त्या नाटकात दुसऱ्या अंकात आप्पाच होते. एलजीवर सही झाली.

२५ जानेवारी, शनिवार

परवा सोनीने जाहीर केलं की फेब्रुवारीपासून कोऱ्या ब्लू-रे डिस्कांचं उत्पादन बंद. आमच्या कामाशी थेट संबंध नाही, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं. डिस्का बनायच्या थांबल्या की ड्राइव्ह बनवणाऱ्यांनाही रस उरत नाही. या कपाटाला दहा वर्षांनी हात घातला असता तर? म्हणून एक ड्राइव्ह पुरेसा नाही, दुसरा राखीव हवाच, असं टिपण कार्यकारिणीला दिलं. दुसरा माझ्या जुन्या लॅपटॉपचा असल्यामुळे वाचनालयाला केसचाच खर्च. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

कामाला सुरुवात, सोप्याकडून. आधी माहितीच्या सीडी आणि एमपीथ्री. सरळ कॉपी. स्मरणिकांच्या पेजमेकर फायली आल्या, पण फॉन्ट नसल्यामुळे उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. श्री-लिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर असलेला डीटीपीवाला गाठावा लागेल. ते वेगळं काम, वेगळी वही.

ऑडिओ सीडीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. पूर्वी कोणीतरी उत्साहाने व्याख्यानांच्या सीडी पेनड्राइव्हवर 'कॉपी' करून ठेवल्या होत्या. पेनड्राइव्ह उघडला तर सीडीए नावाच्या फायली, प्रत्येक ४४ बाइटची. ४४ बाइटमध्ये तासाभराचं व्याख्यान मावत नाही. ऑडिओ सीडीवर फायली नसतातच, सलग ध्वनी असतो. विंडोज नुसत्या खुणेच्या चिठ्ठ्या दाखवतं आणि आपण त्या चिठ्ठ्याच उचलून आणतो. ध्वनी खरोखर उतरवायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरला. तो प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून पडताळतो, न जुळल्यास परत वाचतो. विकतच्या सीडी असतील तर दुसऱ्यांच्या नोंदींशीही ताडून पाहता येतात. आमच्या घरगुती सीडी जगात एकच, त्यामुळे दुहेरी वाचनावरच भिस्त. फाइल फ्लॅक स्वरूपात, म्हणजे ध्वनीतलं काही न गाळता, ठेवली. ऐकायची प्रत एमपीथ्री.

स्टिकरवाल्या सीडींची तऱ्हा निराळी. जुन्या कागदाचा गोंद एका बाजूने सुटून फुगलेला, डिस्क फिरताना डगमगते आणि ड्राइव्ह थरथरतो. कागद सोलायचा मोह आवरायचा. सीडीत माहितीचा थर वरच्या, लेबलाच्या बाजूला असतो, अगदी रंगाच्या खाली. कागदाबरोबर चंदेरी पापुद्रा निघाला की सीडी संपली. तेव्हा कागद तसाच ठेवून वेग उतरवला. हळू वाचल्यावर थरथर गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

व्हीसीडी. आज दिवस खाल्ला.

व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डीएटी फाइल असते, सबंध नाटकाचा अर्धा भाग एकाच फायलीत. डिस्क दिसते, फाइल दिसते, कॉपीला लावली की अर्ध्यावर अडून चूक झाल्याचा संदेश. कारण डिस्कच्या मांडणीत आहे. साध्या माहितीच्या सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करायला राखलेली. व्हीसीडीने ती जागाही चित्रासाठी घेतली: २३२४ बाइट. त्यामुळे त्या काळी ७४ मिनिटांची सीडी ७४ मिनिटांचा चित्रपट दाखवू शकली, पण एखादा ओरखडा आला तर सावरायला काही उरलं नाही. प्लेअरला त्याचं काही वाटत नाही, एक क्षण चित्र फाटतं आणि पुढे जातं. कॉपी करणाऱ्या विंडोजला मात्र एकही चूक सोसत नाही.

म्हणून फाइल कॉपी न करता व्हीएलसी या प्लेअरमधून डिस्क व्हीसीडी म्हणून उघडली आणि तिथूनच साठवली. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आजच्या पडद्यावर नटांचे चेहरे धुरकट. पण आवाज स्वच्छ आहे, आणि नाटक शेवटी ऐकायचंच असतं. तीन अंकी नाटक दोन डिस्कांवर, दुसऱ्या अंकाच्या ऐन रंगात डिस्क बदलायची. ते दोन तुकडे जोडायचे नाहीत असं ठरवलं. जसे होते तसे राहू देत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भाचा आला. केस १२.७चीच आणली, दोन तोंडांची केबल सोबत. लॅपटॉपच्या ड्राइव्हची पुढची पट्टी काढायला छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर लागला. केस बंद केल्यावर ट्रेचं बटण अडत होतं, कागदाची घडी सरकवून भागवलं. दिसायला ओबडधोबड, बाकी दणकट. दोन्ही तोंडं लॅपटॉपला लावली की काळ्या पोर्टाचीही तक्रार नाही.

दुसरा ड्राइव्ह आधी राखीव म्हणून घेतला होता. त्याचा खरा उपयोग खराब डिस्कांवर दिसतोय. जी डीव्हीडी एलजीत दुसऱ्या अंकाला अडते ती यात दुसरा अंक बरा दाखवते आणि पहिल्यात एका ठिकाणी अडखळते. प्रत्येक यंत्राचं भिंग, लेझर आणि चुका सावरायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. मग दोघांचं वाचलेलं एकत्र का करू नये?

यासाठी लिनक्सवरचं (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीवरचं) डीडीरेस्क्यू आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, काळ्या पोर्टात पेनड्राइव्ह, निळ्यात ड्राइव्ह, टाइप-सीला हार्डडिस्क. विजेसाठीचं दुसरं तोंड मोबाइलच्या चार्जरला. डीडीरेस्क्यू फायली पाहत नाही, पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घेतं. आधी सोपा, सुस्थितीतला भाग भराभर उचलतं, अडलेल्या जागा टाळून पुढे जातं आणि मग त्या जागांवर परत येतं. सगळ्यात कामाची त्याची नकाशाची फाइल. कुठला सेक्टर मिळाला, कुठला नाही, ते तीत लिहिलेलं असतं. काम अर्ध्यावर थांबवा, डिस्क काढा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, तोच नकाशा द्या: फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात.

ऑडिओ सीडी आणि व्हीसीडीला ही युक्ती लागू नाही. माहितीच्या सीडी आणि डीव्हीडी एवढ्यांनाच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खालचा कप्पा.

पुरातल्या डिस्का एकेक करून उजेडात धरल्या. डीव्हीडीत माहितीचा थर अर्ध्या-अर्ध्या जाडीच्या, म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लॅस्टिक पत्र्यांच्या मधोमध असतो. त्यामुळे वरून ओरखडा आला तरी चालतं, पण कडेने पाणी शिरलं की दोन पत्रे सुटायला लागतात. काही डीव्हीडींच्या काठाला आत नखाएवढा ढगाळ डाग आहे, तो बोटाने पुसला जात नाही, कारण तो आत आहे. सीडीचं उलट: तिला पत्रा एकच, त्यामुळे मधे पाणी शिरत नाही, पण वरची शाई आणि चंदेरी थर सुटून खाली नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक उरतं. अशी एक पूर्ण पारदर्शक झालेली सीडी बाईंनी मला दाखवली. त्यावर मार्करने लिहिलेलं नावसुद्धा गेलंय.

गाळ धुतला. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ सुती कापड. पुसायचं मधून बाहेर, सरळ. गोल गोल पुसलं आणि कणाने ओरखडा ओढला तर तो माहितीच्या वाटेनेच जातो आणि सलग कित्येक सेक्टर मारतो; सरळ आडवा ओरखडा प्रत्येक वळणावर जरासाच लागतो, तेवढी चूक ड्राइव्ह सावरून घेतो. बाईंनी कापड हातात घेतलं ते संध्याकाळपर्यंत ठेवलं नाही.

लिहिताना डिस्क आतून बाहेर भरत जाते. म्हणजे काठाला ढग असला आणि डिस्क पूर्ण भरलेली नसली तर ढग कोऱ्या भागावर येतो. अशा डीव्हीडी बिनतक्रार निघाल्या. पूर्ण भरलेल्यांचा शेवट गेला. नाटकांच्या बाबतीत याचा अर्थ पडदा पडतानाची टाळी गेली, नाटक राहिलं. एका व्याख्यानमालेच्या डीव्हीडीत मात्र शेवटी प्रश्नोत्तरं होती आणि बाईंच्या मते तीच खरी ऐकण्यासारखी होती.

वेग उतरवणं इथेही कामाला आलं. लिनक्समध्ये इजेक्टच्या, म्हणजे ट्रे उघडायच्या, आज्ञेतच ड्राइव्हला कमी वेग सांगता येतो. ४ पटीवर आणल्यावर अडखळणाऱ्या काही जागा पहिल्याच फेरीत वाचल्या गेल्या. खोक्यावरच्या ८ आणि २४ या आकड्यांचा आम्हाला काहीच उपयोग झालेला नाही.

आप्पांची डीव्हीडी दोन्ही ड्राइव्ह मिळून जवळजवळ पूर्ण निघाली. दुसऱ्या अंकात एका ठिकाणी चित्र थिजतं. आप्पांनी पाहिली आणि म्हणाले, "तिथे मी वाक्य विसरलो होतो, बरं झालं."

१ मार्च, शनिवार

आठ सेंटिमीटरच्या डिस्का. एलजीच्या खुंटीवर खटका दाबून बसवल्या. काही लगेच उघडल्या, काही विंडोजला कोऱ्या दिसतात. कोऱ्या नाहीत: खालच्या बाजूला पाहिलं तर लिहिलेल्या भागाचा रंग वेगळा दिसतो. हँडीकॅमवर चित्रण झाल्यावर शेवटी 'फायनलाइज' करायचं असतं, म्हणजे डिस्कची अनुक्रमणिका लिहून ती बंद करायची. ते राहिलं की कॅमेऱ्याशिवाय सहसा कोणाला डिस्क वाचता येत नाही. खरा उपाय तोच कॅमेरा. ज्या सभासदांनी चित्रण केलं होतं त्यांच्याकडे कॅमेरा आहे, चार्जर नाही. तोवर आयसोबस्टर या प्रोग्रॅमने पाहिलं. तो अनुक्रमणिकेवर विसंबत नाही, थेट ट्रॅक चाळतो. चित्रणाचे तुकडे दाखवतोय. विकत परवाना घ्यायचा की चार्जर शोधायचा, यावर सोमवारी बोलू.

या डिस्कांमुळे डीव्हीडीच्या विभागांचाही (विकतची डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी ते ठरवणाऱ्या क्रमांकांचा) विषय निघाला. परदेशातून आणलेली विकतची डीव्हीडी लावली आणि विंडोजने विभाग बदलायला सांगितलं तर होकार द्यायचा नाही, अशी चिठ्ठी ड्राइव्हवर चिकटवली. भारत विभाग ५ मध्ये येतो, आणि ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो. पुढे जो असेल त्यावर तो कायमचा अडकतो. आमच्या घरगुती डिस्कांना विभाग नसतो, त्यामुळे आपल्या कामाला बदलायची गरजच नाही.

८ मार्च, शनिवार

साठा नोंदवहीत दोन नोंदी झाल्या. एलजीचा ड्राइव्ह खरेदी म्हणून, बिलासह. दुसरा देणगी म्हणून, केसचं बिल वेगळं. एलजी रोजच्या वापराला, सभासदांच्या मागणीसाठी कपाटाबाहेर. जुना ड्राइव्ह दोन तोंडांच्या केबलसह डब्यात, फक्त अडलेल्या डिस्कांसाठी.

हार्डडिस्कची एक प्रत वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दुसरी आप्पांच्या घरी मिरजेला. नकाशाच्या फायलीही दोन्हीकडे ठेवल्या आहेत. अर्धवट निघालेल्या डिस्का फेकायच्या नाहीत, तिसरा कुठला ड्राइव्ह हाती आला तर राहिलेल्या जागा तिथून पुढे वाचता येतील.

दोन सभासदांनी विचारलं, आमच्या लग्नाच्या सीडी उतरवून मिळतील का? बाईंनी हो म्हणून टाकलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, आणि हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह ज्याचा त्याने आणायचा. फलक लिहायला दिला आहे.

चार्जर अजून मिळालेला नाही.